करसवलत देऊन रोजगार आणायचाय? मग क्रम चुकवू नका

"कंपनी यायला तयार आहे, मालमत्ता करात किती सूट देताय तेवढं सांगा." स्थानिक करसवलतीची गोष्ट बहुतेक वेळा इथून सुरू होते आणि इथेच बिघडते. टक्का आधी ठरतो, घोषणा होते, फोटो छापून येतात. मग कुणीतरी करारनाम्याचा मसुदा लिहायला बसतं, आणि नोकऱ्या किती, कधीपर्यंत, मोजायच्या कशा, झाल्या नाहीत तर काय, हे प्रश्न तेव्हा कुठे वर येतात. तोवर अटी मान्य करून घेण्याची वेळ निघून गेलेली असते.

स्थानिक संस्थेत निवडून आलेले सदस्य, कर आणि लेखा विभागातले अधिकारी आणि असे ठराव वाचणारे नागरिक यांच्यासाठी हा क्रम लिहिला आहे. करसवलत मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. पण पायऱ्या उलट्या घातल्या तर चांगल्या हेतूनं दिलेली सवलतही वाया जाते, आणि तो भार बाकीचे करदाते उचलतात.

## तयारी: पहिल्या बैठकीआधी टेबलावर काय हवं

पहिला कागद गेल्या 5 वर्षांच्या कराचा. त्यात मागणी (आकारलेला कर) आणि वसुली (हाती आलेला कर) वेगवेगळी दाखवा. मागणीच्या आकड्यावरून हिशेब मांडला की भविष्यातलं उत्पन्न कायम फुगलेलं दिसतं.

दुसरा कागद आज चालू असलेल्या सर्व सवलतींचा: कुणाला, किती, कोणत्या अटीवर आणि कोणत्या तारखेपर्यंत. ही यादी एका जागी तयार मिळणं दुर्मीळच. ठराव एकीकडे, करारनामे दुसरीकडे आणि देयकांमधली वजावट तिसरीकडे असते. ती जुळवायला पंधरवडा लागला तरी चालेल, तिच्याशिवाय नवी सवलत चर्चेला घेऊ नका.

तिसरा कागद कामगारांचा. परिसरात काम शोधणारे लोक कोण आहेत, त्यांना काय येतं, ते किती लांबून येऊ शकतात? आणि चौथा पाणी, सांडपाणी, रस्ते, वीज यांत शिल्लक असलेल्या क्षमतेचा. अनेक उद्योजकांची खरी अडचण कराची नसून बांधकाम परवान्याला लागणारे महिने किंवा न मिळणारी जोडणी ही असते. ती दूर केली तर सवलतीचा विषयच निघणार नाही, असंही होतं.

## 1. हेतू एका वाक्यात लिहा

"औद्योगिक विकासाला चालना" हा हेतू नव्हे. त्यातून काहीच मोजता येत नाही. "बंद पडलेल्या औद्योगिक पट्ट्यात 3 वर्षांत पूर्णवेळ नोकऱ्या, त्यांतल्या निम्म्या सध्या बेरोजगार असलेल्या स्थानिकांना" असं लिहिलं की पुढच्या प्रत्येक अटीचं माप मिळतं.

इथेच ठरवा की शेजारच्या गावातून उठून आलेला उद्योग "नवा" धरायचा की नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटी हे महानगर दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेलं आहे. तिथे मिसुरी आणि कॅन्सस ही राज्यं वर्षानुवर्षं एकमेकांच्या कंपन्या सवलती देऊन ओढत होती. कचेऱ्या काही मैल सरकत, माणसं तीच राहत आणि कर दोन्हीकडचा घटे. शेवटी 2019 मध्ये दोन्ही राज्यांनी त्या पट्ट्यापुरता तह केला. तुमच्या नियमात एक ओळ असू द्या: एकाच रोजगार क्षेत्रात जागा बदलणाऱ्या उद्योगाच्या फक्त वाढीव नोकऱ्या मोजल्या जातील.

## 2. सवलत कुठल्या कराची, आणि पैसा कुणाचा?

एकाच देयकात अनेकदा तीन-चार वाटेकरी असतात: सामान्य कर, शिक्षण, पाणी, अग्निशमन. सरसकट 50 टक्के म्हटलं की शाळांचा वाटाही निम्मा होतो, आणि शाळा चालवणारी संस्था त्या बैठकीत नसते. प्रत्येक वाटेकऱ्याचं लेखी मत घ्या, किंवा सवलत फक्त स्वतःच्या वाट्यापुरती ठेवा.

वरच्या कायद्याची मर्यादाही आधीच पाहा. युरोपीय संघात, उदाहरणार्थ, स्थानिक करसवलतही सरकारी मदतीच्या नियमांत येते. 2024 पासून एका उद्योगाला 3 वर्षांत 3,00,000 युरोपर्यंतची मदतच सहसा किरकोळ धरून सोडली जाते. त्यापुढे वेगळे नियम लागतात. आपल्याकडची मर्यादा कायदा विभागाकडून लेखी घ्या.

थांबून तपासा: ज्या कराची सूट देताय, तो कमी करण्याचा अधिकार तुमच्या सभागृहाला आहे का? नसेल, तर पुढची सगळी मेहनत एका याचिकेत कोसळू शकते.

## 3. "सवलत नसती तर?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर घ्या

साऱ्या प्रक्रियेचा कणा ही पायरी आहे, आणि सर्वांत जास्त टाळली जाणारीही हीच.

रोजगारावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या अपजॉन संस्थेचे अर्थतज्ज्ञ टिमथी बार्टिक यांनी 2018 मध्ये अशा 30 अभ्यासांचा आढावा घेतला. नेहमीच्या आकाराची सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी साधारण 2 ते 25 टक्के कंपन्यांचाच निर्णय सवलतीमुळे बदलतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे शंभरातल्या किमान 75 कंपन्यांनी सवलत नसतानाही तसाच निर्णय घेतला असता. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून अर्ज वाचा.

कंपनीचं "सवलतीशिवाय शक्य नाही" हे पत्र पुरावा होत नाही, ते सगळेच देतात. त्याऐवजी ही कागदपत्रं मागा: पर्यायी जागांचा तुलनात्मक खर्च, सवलतीसह आणि सवलतीशिवाय प्रकल्पाचा ताळेबंद, संचालक मंडळाच्या निर्णयाची तारीख. कंपनीचा ग्राहक, कच्चा माल किंवा खास जमीन तुमच्याच हद्दीत असेल, तर ती दुसरीकडे जाण्याची शक्यता मुळातच कमी. स्थानिक गिऱ्हाइकावर चालणारी दुकानं आणि गोदामं बहुधा याच प्रकारात मोडतात. त्यांना सवलत दिली तर रस्त्यापलीकडच्या, पूर्ण कर भरणाऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तेवढं कमी होतं.

सर्वसाधारण चूक: काम सुरू झाल्यावर आलेला अर्ज स्वीकारणं. पाया खणलेला असेल तर निर्णय झालेला आहे, हे उघड आहे. युरोपीय संघाच्या नियमांत बहुतेक प्रकारच्या मदतीसाठी काम सुरू होण्याआधीचा लेखी अर्ज सक्तीचा आहे. ही अट जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे.

## 4. हिशेब मांडा, दोन्ही बाजूंनी

आकडे समजावण्यापुरते घेऊ. मोकळ्या भूखंडाचा कर वर्षाला 10 लाख. कारखाना झाल्यावर 50 लाख, म्हणजे नवा कर 40 लाख. त्यावर 7 वर्षं 50 टक्के सवलत: वर्षाला 20 लाख, एकूण 1 कोटी 40 लाख. कंपनीचं आश्वासन 70 नोकऱ्यांचं. दर नोकरीमागे 2 लाख. सभागृहात सहसा हाच आकडा मांडला जातो, आणि तो स्वस्त वाटतो.

आता तिसरी पायरी इथे जोडा. कंपनी सवलतीमुळेच येण्याची शक्यता 25 टक्के धरली, तर 70 पैकी 17-18 नोकऱ्याच सवलतीच्या नावावर जमा होतात. दर नोकरीची किंमत झाली 8 लाख. शक्यता 10 टक्के असेल तर 20 लाख.

पुढे खर्च. नव्या कारखान्यामुळे रस्ते, पाणी, कचरा, अग्निशमन यांवर वर्षाला 15 लाख जास्त लागतील असं धरू. कंपनी सवलतीमुळे आली असेल, तर सवलतीच्या काळात तुमच्याकडे वर्षाला 5 लाख उरतात आणि नंतर 25 लाख. ती तशीही येणारच होती, तर 7 वर्षं दरसाल 20 लाख सोडले. 20 वर्षांचा हिशेब केला तर पहिल्या स्थितीत 3 कोटी 60 लाखांचा फायदा, दुसऱ्या स्थितीत 1 कोटी 40 लाखांचा तोटा. बरोबरीत सुटायला सवलतीमुळेच येण्याची शक्यता 28 टक्के लागते. वर दिलेल्या 25 टक्क्यांच्या कमाल मर्यादेच्याही ती पलीकडे आहे.

तीच 50 टक्के सवलत 3 वर्षांची करून पाहा. पहिल्या स्थितीत फायदा 4 कोटी 40 लाख, दुसऱ्या स्थितीत तोटा 60 लाख. आता 12 टक्के शक्यतेलाच हिशेब बरोबरीत येतो. मुदत कमी केल्यानं कंपनीचं आकर्षण त्या प्रमाणात घटत नाही, कारण गुंतवणूक ठरवताना आजचा रुपया आणि सातव्या वर्षीचा रुपया सारख्या वजनाचे धरले जात नाहीत. मला विचाराल तर सगळ्या वाटाघाटीत मुदतीइतका महत्त्वाचा दुसरा आकडा नाही, आणि चर्चा मात्र टक्क्यावरच अडते.

या हिशेबात पगारातून स्थानिकांना होणारा लाभ धरलेला नाही. तो वेगळ्या रकान्यात मांडा, पण फक्त अशा नोकऱ्यांचा, ज्या परिसरातल्या, आधी काम नसलेल्या किंवा कमी पगारावर असलेल्या माणसांना मिळतील. बाहेरून येणाऱ्या कर्मचाऱ्यांमुळे शाळा आणि पाणी यांवरचा खर्चही वाढतो. "एका नोकरीमागे आणखी चार" असे गुणक प्रस्तावात दिसले, तर ते कुणी, कोणत्या गृहीतकावर काढले हे विचारा. उत्तर नसेल तर तो रकाना कोरा ठेवा.

थांबून तपासा: हिशेब लेखा विभागानं स्वतः केला आहे, की कंपनीच्या सल्लागाराचा तक्ता जोडला आहे?

## 5. सवलतीचा आकार ठरवा

आता कुठे टक्क्याची पाळी. चार गोष्टी सांभाळा.

सवलत फक्त वाढीव करावर द्या. भूखंडाचे आधीचे 10 लाख येत राहिले पाहिजेत. दुसरं, ती उतरती ठेवा: पहिल्या वर्षी 60 टक्के, मग 40, मग 20. सात वर्षांनी पूर्ण देयक एकदम अंगावर आलं की "आणखी मुदतवाढ द्या, नाहीतर जातो" ही मागणी ठरलेली. तिसरं, एका अर्जदाराला आणि एका वर्षात एकूण किती महसूल सोडायचा याची कमाल मर्यादा घाला.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची: आधी काम, मग सवलत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात 2017 साली फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं 13,000 नोकऱ्या आणि 10 अब्ज डॉलर गुंतवणुकीचं आश्वासन दिलं आणि राज्यानं सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. पण राज्याच्या करारात दरवर्षीच्या किमान नोकऱ्यांची अट होती. 2019 साठी ती 520 ची होती आणि पात्र नोकऱ्या भरल्या 281. राज्यानं त्या वर्षाची करसवलत नाकारली. 2021 मध्ये करार बदलून 1,454 नोकऱ्या आणि 8 कोटी डॉलरवर आला. राज्याचा खजिना बराचसा वाचला. कारखाना जिथे होणार होता त्या माउंट प्लेझंट गावानं मात्र जमीन, रस्ते, पाणी यांवर कर्ज काढून आधीच खर्च केला होता, आणि तो आकडा करार बदलला म्हणून कमी होत नाही. स्थानिक संस्थांनी या प्रकरणातला हा दुसरा भाग जास्त लक्षात ठेवावा.

व्यवहारात याचा अर्थ असा: कंपनी त्या वर्षाचा पूर्ण कर भरेल, नोकऱ्यांची तपासणी होईल आणि मग ठरलेली रक्कम परत मिळेल किंवा पुढच्या देयकात जमा होईल. नव्या छोट्या उद्योजकाला रोख चणचण असते, त्याला भरणा हप्त्यांनी करू द्या. अट मात्र तीच.

## 6. नियम आधी जाहीर, अर्जदार नंतर

एका कंपनीसाठी बेतलेलं धोरण वास मारतं आणि न्यायालयात टिकणंही अवघड जातं. पात्रता, गुणांकन आणि कमाल मर्यादा सर्वांसाठी खुल्या करा. किमान नोकऱ्यांची अट 100 ठेवली तर 12 माणसांवरून 20 वर जाणारी स्थानिक कार्यशाळा आपोआप बाद होते. त्यांच्यासाठी टक्केवारीतली वाढ धरा.

## 7. करारनामा: एकेक शब्द तपासा

मसुद्यात असं वाक्य हमखास सापडतं:

"कंपनी येत्या काळात सुमारे 200 रोजगार निर्माण करण्याचा प्रयत्न करेल."

येत्या काळात म्हणजे कधी? सुमारे म्हणजे 150 चालतील? रोजगार म्हणजे कंत्राटदाराची माणसं धरायची? निर्माण म्हणजे जाहिरात दिली तरी झालं? आणि प्रयत्न केला हे तर नेहमीच दाखवता येतं. या वाक्यावर एक पैसाही परत मिळणार नाही. त्याऐवजी असं लिहा:

"या मालमत्तेवर, कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावर, आठवड्याला किमान 35 तास काम करणाऱ्या आणि सलग 12 महिने पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांची संख्या पहिल्या करवर्षाअखेर 60, दुसऱ्या वर्षाअखेर 120 आणि तिसऱ्या वर्षाअखेर 200 असेल. अर्जाच्या दिवशी असलेले 45 कर्मचारी या संख्येत धरले जाणार नाहीत."

त्याखाली किमान वेतनाचा आकडा घाला. आकडा नसेल तर सर्वांत कमी पगाराच्या जागा भरून संख्या पूर्ण होते. अर्धवेळ कामगार तासांच्या प्रमाणात मोजा: 17.5 तासांचे दोघे मिळून एक.

तोंडी आश्वासनांचं काय होतं ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दिसलं. इप्सिलँटी टाउनशिप या स्थानिक संस्थेनं जनरल मोटर्सच्या विलो रन कारखान्याला 1984 आणि 1988 मध्ये करसवलती दिल्या. पुढे कंपनीनं तिथलं उत्पादन टेक्सासला हलवायचं ठरवलं. टाउनशिप न्यायालयात गेली आणि 1993 मध्ये खालच्या न्यायालयात जिंकलीही. त्याच वर्षी अपील न्यायालयानं निकाल फिरवला: सवलत मागताना रोजगाराबद्दल केलेली आशादायक विधानं बांधील वचन ठरत नाहीत. ज्या गावानं आपला कर सोडला, त्याच्या हाती लेखी अट नव्हती.

म्हणून ही कलमं असल्याशिवाय सही करू नका:

- सवलत संपल्यावर कंपनीनं तिथे किती वर्षं टिकून राहायचं. युरोपीय प्रादेशिक मदतीत मोठ्या उद्योगांना 5 आणि छोट्या-मध्यमांना 3 वर्षं, गुंतवणूक पूर्ण झाल्यापासून, ती त्याच भागात ठेवावी लागते.
- अट मोडल्यास किती रक्कम, किती व्याजासह, किती दिवसांत परत.
- परतफेडीची हमी मूळ कंपनीची. फक्त प्रकल्पापुरत्या काढलेल्या उपकंपनीकडे वसुलीला गेलात तर खात्यात काही नसतं.
- मालमत्ता विकली किंवा मालक बदलला तर अटी नव्या मालकावर लागू, नाहीतर सवलत तिथेच बंद.
- पगारपत्रक आणि सामाजिक सुरक्षेच्या भरण्याची कागदपत्रं तपासण्याचा अधिकार.

इशारा: संपूर्ण करारनामा "व्यावसायिक गोपनीयता" म्हणून झाकायला नकार द्या. उत्पादनाची पद्धत गुप्त असू शकते. सोडलेला कर आणि कबूल केलेल्या नोकऱ्या लोकांच्या आहेत.

## 8. ठराव, सही आणि घोषणा याच क्रमानं

मसुदा हिशेबासह जाहीर करा, हरकतींना मुदत द्या, ठराव मतदानाला ठेवा, सही करा आणि मग पत्रकार परिषद घ्या. घोषणा आधी झाली की ठराव नाकारणं सदस्यांना राजकीयदृष्ट्या अशक्य होतं, आणि हे समोरच्या वकिलाला पक्कं ठाऊक असतं.

## 9. दरवर्षी मोजणी

करारनाम्यात तपासणी आहे पण ती करायची कुणी, हे ठरलेलं नाही, अशी स्थिती फार दिसते. एका अधिकाऱ्याच्या नावावर हे काम टाका. कंपनीचं स्वयंघोषणापत्र पुरेसं नाही. पगारपत्रक आणि सामाजिक सुरक्षेचा भरणा यांतली नावं जुळतात का ते पाहा, आणि वर्षातून एकदा न कळवता कारखान्यात जाऊन पाळीवरची माणसं मोजा.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अशा करारांचा दरवर्षी आढावा घेऊन सवलत चालू ठेवावी, बदलावी की बंद करावी अशी शिफारस करणारी स्थानिक परिषद कायद्यानंच आहे. अमेरिकेतल्या राज्य आणि स्थानिक सरकारांसाठी 2015 मध्ये जाहीर झालेल्या लेखा मानक क्रमांक 77 नं सवलतींमुळे सोडलेला महसूल वार्षिक हिशेबात दाखवायला लावलं. तुमच्याकडे सक्ती नसली तरी अंदाजपत्रकाला एक पान जोडायला कुणी अडवत नाही: लाभार्थी, सोडलेला कर, कबूल नोकऱ्या, प्रत्यक्ष नोकऱ्या.

## 10. अट मोडली तर

दोन प्रकार वेगळे ठेवा. 200 पैकी 170 भरल्या, तर सवलत त्या प्रमाणात 85 टक्के. हे आपोआप घडावं, त्यासाठी पुन्हा सभागृहात जायची गरज नको. कारखाना बंद झाला किंवा हलवला, तर परतफेड. बाजारातली मंदी खरी असेल तर एकदाच, जास्तीत जास्त एका वर्षाची मुदतवाढ, कारणासह आणि मतदानानं. तोंडी "बघू पुढच्या वर्षी" म्हणालात की तुमचं मौन म्हणजेच संमती, असा युक्तिवाद पुढे होतो. त्यामुळे पहिली तूट दिसताच लेखी नोटीस पाठवा, वसुलीचा विचार नसला तरीही.

## 11. बंद करण्याची तारीख

धोरणालाच समाप्तीची तारीख घाला, 4-5 वर्षांची. त्याआधी सहा महिने आढावा घ्या: दर खऱ्या नोकरीमागे किती कर सोडला, आणि तेवढ्याच पैशात कौशल्य प्रशिक्षण किंवा छोट्या उत्पादकांना तांत्रिक सल्ला दिला असता तर काय झालं असतं. बार्टिक यांच्याच मांडणीनुसार अशा सेवा दर नोकरीमागे सवलतीपेक्षा स्वस्त पडतात.

आणि एक काम कारकुनी वाटेल, पण तिथेच गळती होते. सवलत संपल्याच्या पुढच्या वर्षी देयक पूर्ण दरानं निघालं का, ते स्वतः पाहा. संगणकात सवलतीचा टक्का एकदा भरला की मुदत संपल्याचं त्याला कुणी सांगेपर्यंत तो चालू राहतो. समाप्तीची तारीख सवलत मंजूर होईल त्याच दिवशी करप्रणालीत भरून घ्या, आणि त्या नोंदीची छापील प्रत करारनाम्याच्या फाइलला लावा.